घरी फक्कड, भेटीत फुसकी: आल्याच्या बिअरच्या बाटल्यांची नेहमीची तक्रार

"घरी उघडली तेव्हा फक्कड होती हो, इथं आल्यावर काय झालं कुणास ठाऊक." साताऱ्यात आम्ही घरगुती पेयं करणारी मंडळी जमलो, की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. कुणी कोरेगावहून येतं, कुणी वाईहून, कराडच्या एक ताई हमखास गुळाची घेऊन येतात. दर वेळी एखादी बाटली झाकण उघडताच अर्धी टेबलावर सांडते, दुसरी गोड पाण्यासारखी मुकाट ग्लासात पडते, आणि तिसरीला असा वास येतो की करणाराच ओशाळतो. मग चर्चा होते ती कृतीवर. आलं किती, साखर किती, विरजण (आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेलं) किती दिवसांचं. माझं मत असं, की बहुतेक वेळा कृतीत खोट नसतेच. स्वयंपाकघरातून निघून दुसऱ्याच्या ग्लासात पडेपर्यंत बाटलीचं जे काही होतं, तिथे पाणी मुरत असतं.

आधी एक खुलासा. आम्ही बार्ली-हॉप्सची बिअर गाळत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि विनापरवाना मद्य तयार करायला त्यात मनाई आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना 1963 मध्ये रद्द झाला, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने वाट मोकळी झाली. तिकडच्या हौशी मंडळींनी एकमेकांच्या बाटल्या चाखण्याची एक शिस्त बसवली, ती मात्र आपल्याला खुशाल उसनी घेता येते. आमचा खटाटोप आल्याच्या बिअरचा, म्हणजे आलं-साखरेच्या पाण्याला विरजण लावून आंबवलेल्या फसफसत्या पेयाचा, जोडीला थोडा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा. साताऱ्याच्या आसपास राहून आल्याचं काही करायचं नाही, म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाण्यासारखं.

आधी दोष कुठला ते ठरवा

भेटीला बाटली न्यायची असेल, तर एकाच पातेल्यातून, एकाच वेळी, एकसारख्या दोन बाटल्या भरा. एक सोबत न्या, दुसरी घरच्या फ्रिजमध्ये ठेवा. भेटीत बाटली बिघडलेली निघाली, तर घरी परत गेल्यावर त्याच दिवशी जुळी बाटली उघडायची. दोन्ही वाईट निघाल्या तर दोष पातेल्यात, विरजणात किंवा पाण्यात. नेलेलीच वाईट असेल तर दोष प्रवासात किंवा झाकणात. दोन्ही चांगल्या, तरी भेटीत चव आवडली नाही, तर दोष ग्लासात, खाण्यात किंवा चाखणाऱ्यांच्या जिभेत.

एवढं साधं आहे, पण कुणी करत नाही. कारण दुसरी बाटली घरात शिल्लक राहत नाही, पोरं संपवतात. तेव्हा त्या बाटलीवर चिठ्ठी लावा, किंवा भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीमागे दडवा.

कारंजं उडतं तेव्हा

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि सगळ्यात धोक्याचीही. म्हणून जरा सविस्तर.

कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त मुरतो, कोमट पाण्यात कमी. वर एक वातावरण दाबाचा, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेइतक्या दाबाचा, वायू असेल, तर 0 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे 1.7 लिटर विरघळतो. 20 अंशांना 0.88 लिटर, आणि 30 अंशांना जेमतेम 0.66. आल्याची बिअर चांगली फसफसायला लिटरमागे तीनेक लिटर वायू लागतो. तो कोंडलेली बाटली फ्रिजमध्ये 4 अंशांना असते तेव्हा आतला दाब साधारण 2 वातावरण असतो. तीच बाटली 30 अंशांना आली, की साडेचारच्या घरात जातो. आत नवं काहीच तयार झालेलं नाही, फक्त बाटली तापली. एप्रिलमध्ये कोरेगावहून निघालेली बाटली साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिली, की 30 अंशांवर थांबतही नाही.

आता त्यात साखरेची भर घाला. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली, की साधारण 1 लिटर वायू तयार होतो. म्हणजे हवा तेवढा फेस यायला 12 ग्रॅम साखर पुरते. आपण घालतो लिटरला 80 ग्रॅम, कारण गोडवा हवा असतो. उरलेली 68 ग्रॅम साखर बाटलीत तशीच असते आणि विरजण जिवंत असतं. बाटली कोमट राहिली की ते पुन्हा कामाला लागतं. सगळी साखर आंबली तर लिटरमागे 20 लिटर वायू होईल. एवढा दाब घरात मिळणारी कुठलीही काचेची बाटली सोसणार नाही. म्हणून "दोन दिवस बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये" हे जे पाठ केलेलं असतं, ते बिनकामाचं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ज्या गोष्टीला चार-पाच दिवस लागतात, ती मे महिन्यात एका दिवसात होते. दिवस मोजू नका, बाटली बघा.

बघायची कशी? काचेच्या बाटल्या भरताना त्याच पातेल्यातलं थोडं एका प्लॅस्टिकच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत, तेवढीच रिकामी जागा वर ठेवून, भरा. काचेच्या बाटल्या जिथे आहेत तिथेच तीही ठेवा. अंगठ्याने दाबली की सुरुवातीला मऊ लागते. मग रोज थोडी ताठ होत जाते. दुकानातून आणलेल्या न उघडलेल्या बाटलीइतकी कडक झाली, की सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये. आमच्याकडे तिला साक्षीदार म्हणतात. साक्षीदाराचं बूड फुगून ती टेबलावर डुगडुगायला लागली असेल, तर काचेच्या बाटल्यांना हात लावण्याआधी त्या थंड होऊ द्या, आणि मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड आपल्यापासून दूर धरून, एकेक सैल करा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. यात गंमत करण्यासारखं काही नाही.

फ्रिजमध्ये विरजण थांबत नाही, मंदावतं. तीन आठवडे फ्रिजच्या दारात विसरलेली बाटलीही कारंजं उडवू शकते.

साका हे दुसरं कारण. आल्याचे तंतू, लिंबाचा गर, खाली बसलेलं यीस्ट, हे सगळे वायूला बुडबुडे धरायला जागा देतात. बाटली हलली की साका वर येतो, सोबत हवेचे बारीक बुडबुडे अख्ख्या द्रवात पसरतात, आणि झाकण निघताच सगळं एकदम बाहेर धावतं. गाळताना स्टीलची चहाची गाळणी पुरत नाही. सुती फडकं दुहेरी करून, न पिळता गाळा. पिळलं की पिठूळ सगळं खाली उतरतं. भेटीच्या जागी पोचल्यावर बाटली उभी करून निदान तासभर, जमलं तर बर्फात, ठेवा. आल्याआल्या "ही घ्या, आधी माझी उघडा" म्हणणारे आमच्यात आहेत, आणि त्यांचीच बाटली छताला लागते.

घाटाबद्दल एक गैरसमज आहे, तोही काढून टाकू. यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलं की हवेचा दाब कमी होतो, म्हणून बाटली उडते, असं आमच्यातले एक काका छातीठोकपणे सांगतात. दाब कमी होतो हे खरं. पण साताऱ्यापासून कासच्या पठारापर्यंतच्या चढाला तो एका वातावरणाच्या विसाव्या भागाइतका उतरतो. बाटलीच्या आत चार वातावरण असताना हा फरक कोण विचारतो! काकांची बाटली उडते ती घाटातल्या वळणांवर डिकीत लोळल्यामुळे. आता ते ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये, उभी ठेवून आणतात. उडत नाही. श्रेय अजून घाटालाच देतात, ते सोडा.

काचेच्या भरलेल्या बाटल्या एसटीत वरच्या फळीवर ठेवू नका. खाली कुणाचं तरी डोकं असतं. एसटीने यायचं असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीतूनच आणा. चवीत फरक पडलाच तर तो काही महिन्यांनी पडतो, एका दिवसात नाही.

फुसकी निघते तेव्हा

इथे पहिला संशय झाकणावर. खटक्याच्या झाकणाच्या बाटल्यांची रबरी रिंग वर्ष-दोन वर्षांत कडक होते, कडेला बारीक चिरा पडतात. तपासायचं असेल तर बाटलीत थोडं कोमट पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घ्या, टिश्यूच्या पुडीत चिमूटभर खायचा सोडा बांधून आत टाका, लगेच झाकण लावा आणि बाटली पाण्याच्या बादलीत आडवी बुडवा. झाकणाजवळून बुडबुड्यांची माळ सुटली, की रिंग बदलायची. सोडा खरंच चिमूटभरच.

दुसरं कारण कुणी कबूल करत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री बाटली "जरा चाखून बघितलेली" असते. एकदा उघडलेल्या बाटलीतला वायू गेला तो गेला. पुन्हा झाकण लावून सकाळपर्यंत तो परत येत नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. चाखायला साक्षीदाराची बाटली आहे ना, ती उघडा.

तिसरं, मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्यांत ऐनवेळी ओतणं. "सगळ्यांना एकेक देता येईल" हा हेतू चांगला, पण ओतताना निम्मा फेस उडतो आणि हवा आत शिरते. वाटायचं असेल तर मुळातच 200-300 मिलिलिटरच्या बाटल्या भरा.

हिवाळ्यात फुसकी निघण्याचं कारण बहुधा यातलं कुठलंच नसतं. साक्षीदार कडक होण्याआधीच बाटल्या फ्रिजमध्ये गेलेल्या असतात. त्या बाहेर काढून, ओट्याच्या उबदार कोपऱ्यात, साक्षीदारासकट पुन्हा ठेवा.

घरी नव्हता असा वास

बिअर बिघडली की काय काय वास येतात, याची एक नीट वर्गवारी आहे. मॉर्टेन मेलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात बिअरच्या वासा-चवींचं चक्र तयार केलं, ते आजही वापरतात. आल्याच्या बिअरला त्यातलं अर्धंअधिक लागू पडतं. पण सगळे वास इथे मांडत बसत नाही, आमच्याकडे जे फिरून फिरून येतात तेवढेच सांगतो.

दवाखान्याचा, जखमेला लावायच्या पट्टीचा वास आला की नळाच्या पाण्याकडे बघा. पाण्यातलं क्लोरिन आणि आंबताना किंवा आल्यातून येणारी फेनॉल जातीची द्रव्यं एकत्र आली, की क्लोरोफेनॉल तयार होतं. ते पाण्याच्या अब्जावधी भागांत काही भाग असलं तरी नाकाला कळतं. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरिन वाढवतात, आणि हा वासही नेमका तेव्हाच वाढतो. पाणी उकळून, झाकण न ठेवता गार करा. बाटल्या ब्लीचने धूत असाल तर आधी ते थांबवा. गरम पाणी, ब्रश, मग वाफ किंवा उकळतं पाणी एवढं पुरतं. काच थंड असताना उकळतं पाणी ओतू नका, तडकते.

कुजक्या अंड्याचा वास गुळाच्या बाटल्यांना जास्त येतो. यीस्टला पोषण कमी पडलं की ते गंधकाचा वायू सोडतं, हे एक कारण. दुसरं गुळातच असू शकतं. पिवळाधमक, चकचकीत दिसणारा गूळ बऱ्याचदा हायड्रोस टाकून उजळवलेला असतो, आणि हायड्रोस हे गंधकाचंच रसायन. कराडच्या ताईंनी गूळ बदलला. गुऱ्हाळावरून काळपट, मऊ गूळ आणायला लागल्या, आणि वास गेला. रंग मात्र काढ्यासारखा आला. आम्हाला चालतो. वास अगदी हलका असेल तर ग्लासात ओतून दोन मिनिटं फिरवला की उडून जातो. तांब्याच्या भांड्यात ओतून वास घालवायची एक जुनी युक्ती कुणीतरी सांगेलच. करू नका. आंबट पेय तांब्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवलं की धातू त्यात उतरतो.

आंबटपणाची तक्रार आली की आधी नाक लावायचं, मग जीभ. नाकात झोंबणारा आंबट वास म्हणजे व्हिनेगर. त्याला हवा लागते, म्हणजे बरणी उघडी राहिली, फडकं विरळ होतं किंवा चिलटं बसली. चिलटांच्या पायांवरून ते जिवाणू येतातच. असं विरजण टाकून द्या, ते सुधारत नाही. पण नाकाला काहीच नाही आणि जिभेला ताकासारखा आंबटपणा, तर ते लॅक्टिक आम्ल आहे, आणि त्यात बिघडलेलं काही नाही. हॅरी मार्शल वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1892 मध्ये आल्याच्या बिअरचं पारंपरिक विरजण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा त्याला एका यीस्टसोबत एक जिवाणू नांदताना आढळला. म्हणजे आंबटपणा हा या पेयाचा पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे. फार वाढला असेल तर विरजणाला रोज साखर-आलं घालताना जुन्यातलं निम्मं काढून टाकत जा, आणि उन्हाळ्यात चार दिवस वापरायचं नसेल तर ते फ्रिजमध्ये ठेवा.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे घाई. अजून दोन दिवस थांबा.

तार सुटलेली बाटली, म्हणजे ओतताना पातळ मधासारखी धार लांबत जाते ती, एकदा तरी सगळ्यांच्या वाट्याला येते. साखरेपासून चिकट द्रव्य तयार करणारे जिवाणू घुसलेले असतात. त्याने माणूस आजारी पडतोच असं नाही, पण ती बाटली भेटीला आणू नये. विरजण, फडकं, रबरी रिंगा, सगळं नव्याने.

आणि आलं. आलं बदललं की पेय बदलतं, हे साताऱ्यात वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात निघणारं नवं आलं रसाळ आणि सौम्य असतं, रानात राखलेलं जुनं आलं तंतूदार आणि ठसक्याचं. कृतीत "100 ग्रॅम आलं" लिहिलं तर ते कुठल्या महिन्यातलं, हेही लिहा. विरजणासाठी माती लागलेलं, सालीचं आलं घ्या आणि फक्त पाण्याने विसळा. बाजारात यंत्राने धुऊन गोरं केलेलं आलं मिळतं, त्याच्या सालीवर यीस्ट फारसं उरत नाही, मग "माझं विरजण उठतच नाही" अशी तक्रार सुरू होते.

बाटली बरी, चाखणंच बिघडलेलं

जुळ्या बाटलीची परीक्षा केली आणि दोन्ही चांगल्या निघाल्या, तर इथे बघा. आमच्या भेटींचा हा सगळ्यात कच्चा भाग.

टेबलावर काय असतं? कांदाभजी, लसणाची चटणी, आणि कुणीतरी राजवाड्यावरून आणलेले कंदी पेढे. पेढा खाऊन लगेच घोट घेतला की साधी आंबूस बिअर लिंबासारखी लागते आणि गोडवा नाहीसा होतो. भज्यांच्या तेलकट बोटांनी ग्लास धरला, ओठांचं तेल काठाला लागलं, की जो काही फेस होता तो बसतो. पेढे आणि भजी शेवटी. चाखताना मध्ये बिनमिठाचे चुरमुरे आणि साधं पाणी ठेवा. ग्लास साबणाने धुऊन नीट विसळलेले असावेत, आणि फडक्याने न पुसता उपडे घालून वाळवलेले असावेत. फेस किती वेळ टिकतो यावरून मात्र आल्याच्या बिअरला मार्क देऊ नका. बिअरचा फेस धरून ठेवतात ती बार्लीतली प्रथिनं, आणि इथे बार्ली नाहीच.

क्रमही बिघडवतो. आल्याचा झणका जिभेवर साठत जातो. जुन्या आल्याची, जास्त ठसक्याची बाटली आधी आली, तर पुढच्या दोन बाटल्या पचपचीत वाटणारच. सौम्य आधी, झणझणीत नंतर. आणि फार थंड देऊ नका. उघडताना बाटली बर्फासारखी हवी, पण ग्लासात ओतल्यावर पाचेक मिनिटं थांबलं की वास वर येतो. थंडगार असताना चांगलं-वाईट दोन्ही झाकलं जातं.

खरी पंचाईत बोलण्याची आहे. बाटली कुणाची हे माहीत असलं, की कुणी खरं बोलत नाही.

"काका, मस्त झालीय."

"मस्त म्हणजे काय मस्त?"

"म्हणजे... छान आहे. आलं लागतंय."

आल्याच्या बिअरमध्ये आलं लागतंय, यातून काकांनी काय घ्यायचं? म्हणून आता बाटल्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नुसता आकडा टाकून ओततो. कुणाची ते शेवटी उघड करायचं. अमेरिकेतल्या घरगुती बिअरच्या स्पर्धांमध्ये 50 गुणांची एक पत्रिका वापरतात. त्यात वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या पोताला 5 आणि एकूण परिणामाला 10 गुण. आम्ही गुण देत नाही, त्यावरून रुसवेफुगवे होतात. पण क्रम तोच ठेवला आहे. आधी वास, मग रूप, मग चव, आणि प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहायचं. दिसण्याला 50 पैकी फक्त 3, हे गढूळ बिअर आणणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो.

"नवीन गुळाची जास्त चांगली झाली" असा वाद निघाला, तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या. ही पद्धत 1940 च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत रुळली. तीन ग्लास, दोघांत एकच पेय, तिसऱ्यात दुसरं. वेगळा ग्लास ओळखायचा, चांगला-वाईट ठरवायचं नाही. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतोच. म्हणून सहा जणांपैकी चौघांनी ओळखला तरी फरक आहे असं म्हणायची घाई नको, पाच जणांनी ओळखला तर मानायला हरकत नाही. आमच्याकडे साखर आणि गूळ सगळ्यांनी झटक्यात ओळखले. दोन वेगवेगळ्या गुऱ्हाळांचे गूळ मात्र कुणालाच वेगळे काढता आले नाहीत, आणि त्यावरून आधी चांगलं तासभर भांडण झालं होतं.

बाटलीवर काय लिहायचं

भरल्याची तारीख, फ्रिजमध्ये टाकल्याची तारीख, साखर की गूळ, आलं नवं की जुनं. आणि अल्कोहोल. ते थोडं तरी होतंच. लोक "घरचं सरबत आहे" म्हणून वाटून मोकळे होतात, हे मला पटत नाही. मोजायला हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी, लागतो. आधी पेय एका भांड्यातून दुसऱ्यात आठ-दहा वेळा ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटर वर उचलतात आणि आकडा चुकतो. आंबण्याआधीचा, म्हणजे सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा, गुणिले 131. सुरुवातीला 1.040 आणि शेवटी 1.032 असेल, तर सुमारे 1 टक्का. आमच्या भेटीत 1 टक्क्याच्या वरची बाटली टेबलावर येत नाही, असा नियमच केला आहे.

टक्का कितीही असो, तो लिहायचा. आमच्यात माळकरी आहेत, गाडी चालवत परत जाणारे आहेत, गोळ्या चालू असलेले आहेत, आणि बाटलीजवळ लहान मुलंही घुटमळतात. मुलांसाठी त्याच दिवशी केलेलं, न आंबवलेलं आल्याचं सरबत वेगळ्या तांब्यात ठेवतो. त्यात दुकानातला सोडा ओतला की त्यांची समजूत पटते, आणि एकदा एका आजोबांनी तीन ग्लासांच्या परीक्षेत त्यालाच पहिला नंबर दिला होता.